म्युनिकमधल्या रिसेप्शनची बिअर: आधी हॉल, मग बाटली

मार्चमध्ये म्युनिकला येणार, जुलैत इथेच नोंदणी लग्न, नंतर ९० माणसांचं रिसेप्शन. निम्मे जर्मन, निम्मे आपले, सांगलीहून आईबाबा आणि काकामंडळी. बिअर कुठली ठेवू, आणि आईबाबांना काय वाटेल, असं तुम्ही विचारलंय. व्हिसा, विमा, घर हे सगळं सरकारी पानांवर आहे, ते सोडतो.

बिअर निवडण्याआधी हॉलवाल्याला विचारा: तुम्ही कुठल्या ब्रुअरीशी बांधलेले आहात? बव्हेरियातली (म्युनिक ज्या राज्यात आहे ते) बरीच गास्टहाउसं, म्हणजे हॉल असलेली उपाहारगृहं, एकाच ब्रुअरीची बिअर विकायच्या कराराखाली असतात. तिथे बाहेरची बाटली चालत नाही, आणि चाललीच तर कॉर्कगेल्ड लागतं, म्हणजे तुमच्याच बाटलीवर त्यांचा आकार. मग तुमच्या हातात फक्त प्रकार निवडणं उरतं. हॉल मोकळा असेल तर गेट्रेंकेमार्क्ट गाठा, म्हणजे क्रेटने पेयं विकणारं दुकान, आणि माल ‘कोमिसिऑन’वर मागा. न फोडलेले पूर्ण क्रेट ते परत घेतात.

प्रकार फार नकोत. मुख्य बिअर हेलेस: सौम्य, माल्टची, साधारण ५ टक्क्यांची. दुसरी वाइसबिअर, गव्हाची. तिच्या यीस्टमुळे केळं-लवंगेसारखा वास येतो आणि गोड्या मसाल्याच्या भाजीशी तो छान जमतो. पिल्स एकच क्रेट, उत्तरेकडून येणाऱ्या पाहुण्यांपुरती, कारण तांबड्या रश्श्याबरोबर हॉप्सचा कडवटपणा जास्त बोचतो. मटण असेल तर थोडी डुंकेल, म्हणजे गडद बिअर, चालेल. डोपेलबॉक अजिबात नको. सात टक्क्यांच्या पुढची असते, गोडसर लागते आणि नवखा माणूस ती हेलेससारखीच पितो. शाकाहारी काकू विचारतील, तर सांगा की जर्मन बिअर नितळ करायला माशाच्या पिशवीचं आयसिंग्लास वापरत नाहीत. ती भानगड ब्रिटनमधल्या काही पिंपांतल्या एल नावाच्या बिअरची.

खरा जोर बिनअल्कोहोलवर द्या. बिनअल्कोहोल वाइसबिअर त्याच उंच ग्लासात ओतली की कोण काय पितंय ते कुणाला कळत नाही. थोरल्या भावासमोर न पिणारे काका आणि गाडी चालवणारा जर्मन मित्र, दोघांचीही सोय होते. मात्र ‘आल्कोहोलफ्राय’ लिहिलेल्या बाटलीत अर्ध्या टक्क्यापर्यंत अल्कोहोल असू शकतं. ज्यांना थेंबही चालत नाही त्यांना ०,० छापलेली द्या, नाहीतर सफरचंदाचा शोर्ले, म्हणजे सोडा घातलेला रस. बारचं टेबल आजीआजोबांच्या नजरेच्या रेषेत मांडू नका. आणि हो, इथे सोळाव्या वर्षी बिअर कायदेशीर आहे. काकांचा अकरावीतला मुलगा हे विमानातच शोधून काढेल.

आता हिशेब. ४५ जर्मनांपैकी २८ बिअर पितील असं धरा, पाच तासांत माणशी दीड लिटर, म्हणजे ४२. आपल्यांपैकी १८, माणशी पाऊण लिटर, म्हणजे साडेतेरा. एकूण सुमारे ५५ लिटर. त्यासाठी हेलेसचा ३० लिटरचा केग, म्हणजे धातूचं पिंप (फेस आणि सांडलवंड जाऊन हाती २७-२८), अर्ध्या लिटरच्या २० बाटल्यांचे वाइसबिअरचे दोन क्रेट आणि पिल्सचा एक. शिवाय बिनअल्कोहोलचे दोन, राडलरचा (लिंबू सरबत मिसळलेली बिअर) एक, आणि उकाडा असला तर म्हणून हेलेसचे दोन. एकूण आठ क्रेट. साध्या बाटलीला ८ सेंट आणि रिकाम्या क्रेटला दीड युरो प्फांड (परत मिळणारी अनामत), म्हणजे क्रेटमागे ३.१० युरो अनामत. केगची अनामत वेगळी. ५० लिटरचा केग घेऊ नका, भरलेला उचलायला दोघांनाही जड जातो.

घोटाळे होतात ते केगमध्ये. त्याच्या तोंडाचे प्रकार असतात, चपटं आणि कोर्ब. भाड्याच्या नळाचं जोडतोंड दुसऱ्या प्रकारचं निघालं तर शनिवारी संध्याकाळी काहीच करता येत नाही, म्हणून दोन्ही एकाच दुकानातून घ्या. केग आदल्या दिवशीच जागेवर ठेवा; गाडीत हलून आलेला, कोमट केग निव्वळ फेस देतो. शीतगृह नसेल तर डुर्खलाउफक्यूलर भाड्याने घ्या, त्यातून जाता जाता बिअर गार होते. पाण्याचा असेल तर आत बर्फ धरायला दीड-दोन तास आधी सुरू करावा लागतो. कोरडा थोड्या मिनिटांत तयार. गॅसची टाकी उभी आणि बांधलेली हवी, बंद तळघरात नको. ग्लासला साबण किंवा तेलाचा हात राहिला तर फेस बसतो, म्हणून ओतण्याआधी गार पाण्याने विसळा. आणि कोमिसिऑनच्या बाटल्या बर्फाच्या पाण्यात बुडवू नका. लेबलं सुटतात, मग दुकान परत घेत नाही.

लाकडी हातोड्याने तोटी ठोकायचा मान बाबांना द्यावा असं मनात असेल तर जरूर द्या. त्यासाठी गॅसशिवायचा, वरून हवा घेणारा केग वेगळा मागावा लागतो, आणि तो त्याच संध्याकाळी संपवायचा. १९५० साली ऑक्टोबरफेस्टमध्ये म्युनिकचे महापौर टोमास विमर यांना १७ घाव लागले होते, हे बाबांना आधीच सांगून ठेवा.

हॉलला अनामत मात्र श्टांडेसाम्टकडून, म्हणजे विवाह नोंदणी कार्यालयाकडून, तारीख हातात आल्याशिवाय देऊ नका. विवाहयोग्यतेचा दाखला भारत देत नाही, त्यामुळे त्यातून सूट मागावी लागते आणि ती सहाच महिने चालते. आपल्या दाखल्यांची पडताळणीच कित्येक महिने खाते. जन्मदाखल्यावर नुसतं नाव, पासपोर्टवर वडिलांचं नाव मध्ये, दहावीच्या प्रमाणपत्रावर आडनाव आधी. ही एकच व्यक्ती आहे हे काउंटरपलीकडच्या माणसाला पटवताना आपल्यालाच शंका यायला लागते. त्या खिडकीचा राग माझा अजून गेलेला नाही.

पुढे मुलं झाली तर शाळा कशा, असंही ओझरतं विचारलंत. चांगल्या आहेत. पण बव्हेरियात चौथीतच जर्मन, गणित आणि परिसर अभ्यास यांची सरासरी काढतात. इथे १ म्हणजे सर्वोत्तम, आणि २.३३ पर्यंत असेल तर गिम्नाझिउम, म्हणजे विद्यापीठाकडे नेणारी शाळा. दहा वर्षांच्या पोरापुढे दशांशचिन्ह ठेवणारी ही रीत मला पचत नाही. मग घरात मराठी बोलावं की पोराचं जर्मन सुधारावं, असा तराजू उभा राहतो. काहीही निवडलं तरी चुकल्यासारखं वाटतं. आईबाबांना काय वाटेल, याचं उत्तरही माझ्याकडे नाही. त्यांना खुर्ची पंख्याजवळ द्या.

एकटेपणा असतो. सवय होते. रविवारी सगळं बंद असतं तेव्हा जरा जास्त जाणवतो.

हो, रविवारचं राहिलंच. दुकानं शनिवारी रात्री ८ला बंद होतात, ती उघडतात थेट सोमवारी. हॉल बहुतेक रविवारी दुपारपर्यंत रिकामा करून मागतील. आठ क्रेट आणि केग तोवर कुठे ठेवणार ते आत्ताच ठरवा. चार महिन्यांत गाडीवाला मित्र झालेला असेल असं धरून चालू नका. सोमवार सकाळपर्यंतची व्हॅन भाड्याने बुक करा.