घोडा आधी, चाप मागाहून

फोंड्याचे एक वाचक विचारतात: आजोबांच्या घडीच्या कॅमेऱ्याचं 'शटर दाबलं' की कधी दबतं, कधी अडकून बसतं, त्या दाबायच्या भागाला मराठीत काय म्हणावं, कळ, खटका की बटण?

मुळात शटर कुणी दाबत नाही हो! शटर म्हणजे भिंगांच्या मधल्या त्या पातळ पोलादी पाकळ्या. म्हापशाच्या बाजारात दुकानदार शटर ओढतो, तो खरोखर शटरच ओढतो. पण लग्नातला प्रत्येक फोटोग्राफर 'शटर दाबलं' म्हणतो आणि माझं डोकं उठतं. दाबतात ती कळ. झालं उत्तर.

पण या कॅमेऱ्याला खरी शोभते ती बंदुकीची भाषा. म्युनिकच्या डेकेल कारखान्याने 1912 मध्ये आणलेलं कॉम्पूर शटर बघा. एक दांडी आधी ओढून स्प्रिंग ताणायची, दुसरीने ती सोडायची. पहिली घोडा, दुसरी चाप! 'घोडा चढवणे' इथे जसंच्या तसं बसतं. ('घोडा दाबला' लिहिणाऱ्या रहस्यकथाकारांचा समाचार पुन्हा कधीतरी.) गंमत म्हणजे बंदुकीच्या याच भागात इंग्रजांना आणि जर्मनांना कोंबडा दिसला, पोर्तुगिजांना कुत्रा. म्हणजे गोव्यात 1961 पर्यंत त्यांचा कुत्रा आणि आमचा घोडा एकाच बंदुकीवर बसून होते.

'चाप' संस्कृतातल्या धनुष्यावरून आला असं ठासून सांगणारे पंडित भेटतात. केसांचा चाप, कागदांचा चाप, एखाद्याला चाप लावणे, या सगळ्यात दाबणं आहे. बाण कुठे आहे? 'चापणे' हे क्रियापद घरात असताना धनुष्य कशाला शोधायचं? धनुष्यवाल्यांच्या समाधानासाठी एवढंच सांगतो की कॅमेऱ्याच्या घड्यांच्या चामड्याला भाता म्हणता येतो, आणि लोहाराचा भाता काय, बाणांचा भाता काय, दोन्ही संस्कृत 'भस्त्रा'चेच, म्हणजे चामड्याच्या पिशवीचे, वंशज.

हां, अडकण्याचं राहिलंच. घोडा चढवून कॅमेऱ्याच्या वरच्या कळीला हात लावू नका, शटरवरचाच चाप दाबून पाहा. तो चालला तर दोष मधल्या दांड्यांत. 1950 च्या दशकातल्या बऱ्याच कॅमेऱ्यांत फिल्म पुढे सरकवल्याशिवाय कळ दबतच नाही. एकावर एक दोन फोटो पडू नयेत म्हणून केलेली ती सोय आहे, बिघाड नव्हे. चापही अडत असेल तर आतलं जुनं वंगण चिकट झालेलं असणार. ते साफ करून घ्या, पण पाकळ्यांवर तेल सोडू नका, शिलाई मशीनचं तर नाहीच. त्या कोरड्याच चालतात.