टीएसएच थोडा वाढलाय म्हणून मुलाला आयोडीनचे थेंब द्यावेत का?

ताई, सात वर्षांच्या मुलाचा टीएसएच (थायरॉइड ग्रंथीला काम करायला सांगणारं संप्रेरक) ५.८ आलाय, टी४ (थायरॉइड स्वतः बनवते ते संप्रेरक) नॉर्मल आहे, अभ्यासात लक्ष लागत नाही आणि कुणीतरी आयोडीनचे थेंब सुचवलेत, असं तुम्ही लिहिलंय. कृपा करून थेंब सुरू करू नका. बालरोगतज्ज्ञांना दाखवा आणि ते सांगतील तेव्हा तपासणी पुन्हा करा. टी४ नॉर्मल असताना एवढा वाढलेला टीएसएच मुलांमध्ये बरेचदा आपोआप खाली येतो. वजन जास्त असलेल्या मुलांत तर तो थोडा वर असणं नेहमीचंच.

मेंदूला थायरॉइडची खरी निकड असते ती पोटात असताना आणि पहिली साधारण तीन वर्षं. निम्म्या गरोदरपणापर्यंत बाळाची सगळी भिस्त आईच्या टी४वर असते. म्हणून गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या आईला रोज २५० मायक्रोग्रॅम आयोडीन लागतं, तुमच्या मुलाच्या वयाला १२०. आयोडीनयुक्त मीठ रोजच्या जेवणात असेल तर एवढं सहसा मिळून जातं.

माझ्या मुलीचं थायरॉइड जन्मतःच कमी. टाचेतून घेतलेल्या रक्ताच्या थेंबावरून ते कळलं आणि दोन आठवड्यांच्या आत थायरॉइडची गोळी सुरू झाली. गोळी चमच्यात चुरायची, अंगावरच्या काढलेल्या दुधाच्या दोन थेंबांत कालवायची आणि गालाच्या आतल्या बाजूला सोडायची. बाटलीत कधीच घालायची नाही, बाळाने दूध अर्धवट टाकलं की डोस किती गेला ते कळतच नाही. आज ती वर्गातल्या बाकी मुलांसारखीच शिकते. पहिल्या महिन्यात हयगय झाली असती तर हे झालं नसतं, म्हणून नवजात तपासणीबद्दल मी इथे इतकी आग्रहाने लिहिते.

सातव्या वर्षी थायरॉइड खरंच कमी असेल तर मूल मंदावतं, पण उपचारांनी बहुतेक वेळा सावरतं. न्यूझीलंडमध्ये २००९ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात १० ते १३ वर्षांच्या मुलांना २८ आठवडे रोज १५० मायक्रोग्रॅम आयोडीन दिलं, तर तर्काच्या काही चाचण्यांत थोडी सुधारणा दिसली. पण त्या मुलांत आयोडीनची कमतरता होती. गरज नसताना भरमसाट आयोडीन गेलं तर ग्रंथी उलट मंदावू शकते.

लक्ष न लागण्यासाठी झोप, नजर, कान आणि हिमोग्लोबिन आधी बघा. थायरॉइड कमी असलेल्या मुलाची उंची वाढायची मंदावते, बद्धकोष्ठ होतो, थंडी सोसत नाही. पुढच्या रिपोर्टबरोबर गेल्या दोन वर्षांतली उंची लिहा, आणि अँटी-टीपीओ (शरीर स्वतःच्याच थायरॉइडवर हल्ला करतंय का ते दाखवणारी रक्ततपासणी) करायची का तेही डॉक्टरांना विचारा.