‘मोन’ म्हणजे विव्हळणं का?

प्रश्न असा आलाय: १९२०च्या दशकातल्या ब्लूजवरचा, म्हणजे अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या गाण्यावरचा, एक लेख मी मराठीत आणतेय. गायकाच्या ‘मोन’ला (इंग्रजी moan) ‘विव्हळणं’ लिहिलं, पण वाचताना खटकतं. दुसरा शब्द आहे का?

खटकतं ते बरोबरच आहे. विव्हळतो तो, ज्याला आत्ता या क्षणी दुखतंय. त्या आवाजावर त्याचा ताबा नसतो. ‘कण्हणं’ त्याहून हळू, दबकं, पण तेही अंथरुणाला खिळलेलं. मोन करणारा गायक मात्र पुरता शुद्धीत असतो आणि सुरातही.

गिटार वाजवत गाणाऱ्या ब्लाइंड विली जॉन्सनची ‘डार्क वॉज द नाइट’ ऐका. ३ डिसेंबर १९२७, डॅलस, कोलंबिया कंपनीची रेकॉर्ड. नाव गेथसेमनी बागेतल्या ख्रिस्तावरच्या जुन्या स्तोत्रातून घेतलंय, पण गाण्यात त्या स्तोत्राचा एक शब्द नाही. मिटल्या ओठांतून ‘म्म्म’ निघतो, मध्येच ‘आ’ होऊन उघडतो, खाली ओघळतो. गिटारच्या तारेवरून घसरत जाणारी मींड त्याला कधी साथ करते, कधी त्याचं राहिलेलं पुरं करते. कृष्णवर्णीयांच्या बाप्टिस्ट चर्चमध्ये पुढचा माणूस स्तोत्राची ओळ सांगतो आणि मंडळी ती लांबवत, शब्द स्वरात विरघळवत गातात. जॉन्सनचं गाणं त्याच रीतीतलं. हे दुखणं नव्हे, मागणं आहे.

आणि यासाठी आपल्याकडे शब्द तयार आहे: आळवणं. देवाला आळवतात, रागही आळवतात. विनवणी आणि स्वर घोळवणं, दोन्ही एकाच क्रियापदात. १९७७ साली व्हॉयेजर यानांबरोबर जी सोनेरी तबकडी अवकाशात गेली, तिच्यावर जॉन्सनची ही रेकॉर्ड आहे आणि केसरबाई केरकरांची भैरवी, ‘जात कहाँ हो’, हीसुद्धा. केसरबाईंनी भैरवी आळवली असं आपण सहज म्हणतो, मग जॉन्सनपाशी का अडखळायचं?

सरसकट मात्र नको. ब्लाइंड लेमन जेफरसनच्या १९२६च्या ‘दॅट ब्लॅक स्नेक मोन’मध्ये देव नाही, काळा साप आहे, आणि तो सापही निव्वळ साप नाही. तिथं ‘आळवणं’ लिहिलंत तर लावणीला टाळ-मृदंग लावल्यासारखं होईल. तिथं ‘कण्हणं’च बरं, चावटपणासकट.

लेखात पुढे फाल्सेटो, म्हणजे नेहमीच्या आवाजापलीकडचा वरचा बारीक आवाज, येईलच. मूळ इटालियन शब्दातही ‘खोटं’ हाच अर्थ आहे, पण आपल्याकडे ‘फॉल्स लावतो’ म्हटलं की नाक मुरडल्याचा वास येतो. टॉमी जॉन्सन १९२८च्या रेकॉर्डवर ओळीच्या मध्येच आवाज पलटवून वर नेतो. १९३१ मध्ये अमेरिकेतल्या ग्राफ्टन गावी ध्वनिमुद्रित झालेला स्किप जेम्स बराचसा तिथेच, वरच्या बारीक आवाजात राहतो. ‘खोटा आवाज’ लिहू नका. पहिल्यासाठी ‘आवाज पलटवतो’, दुसऱ्यासाठी ‘बारीक चढा आवाज’ पुरे.

जाता जाता: ‘अकूस्टिक ब्लूज’मधलं अकूस्टिक, म्हणजे विजेशिवायचं, हे गिटारला लागू आहे, ध्वनिमुद्रणाला नाही. १९२५ पासून मोठ्या कंपन्या आवाज टिपायला कर्ण्याऐवजी मायक्रोफोन वापरू लागल्या होत्या. ब्लाइंड विली जॉन्सनचा तो ओठांतला ‘म्म्म’ आपल्यापर्यंत इतका जवळून पोचतो, त्यात त्या मायक्रोफोनचाही हात आहे.