गोळी कानाजवळून गेली असती तर

"मॅडम, तेव्हा पुण्याला गेलो असतो तर?" हा प्रश्न नाशिकच्या कॉलेज रोडवरच्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीत गाव आणि पगार बदलून सारखा येतो. यावेळी तो एका कथेमुळे आला. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.)

अंबडच्या कारखान्यात क्वालिटी विभागात असलेले पस्तिशीचे गृहस्थ. पुण्यातली मोठी नोकरी हातात असताना वडिलांना अर्धांगवायूचा झटका आला आणि हे नाशिकलाच राहिले. २०२१ साली नाशिकला ९४वं साहित्य संमेलन झालं, त्याचे अध्यक्ष जयंत नारळीकर. तेव्हापासून हे त्यांच्या विज्ञानकथा वाचू लागले. त्यातच पानिपतची कथा भेटली. १४ जानेवारी १७६१ ला विश्वासरावांना लागलेली गोळी तिथे कानाजवळून निघून जाते, मराठे जिंकतात आणि इतिहासाचे प्राध्यापक गंगाधरपंत त्या दुसऱ्या जगात जाऊन पोचतात. झालं! "म्हणजे कुठल्यातरी जगात मी पुण्यात आहे, आणि सुखात आहे."

आधी झोप, भूक, कामावरचं लक्ष विचारलं. ते बिघडलं असतं तर मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवलं असतं. बिघडलं नव्हतं, फक्त रात्री अंथरुणावर पडलं की पुणं सुरू व्हायचं.

"त्या जगात गंगाधरपंतांचं पुढे काय होतं?" मी विचारलं. ते थबकले. पानिपत जिंकलेल्या त्या जगात सभेला अध्यक्षच नसतो. पंत सवयीने रिकाम्या खुर्चीत जाऊन बसतात आणि लोक त्यांच्यावर टोमॅटो, अंडी फेकतात. विजय यांच्या लक्षात राहिला होता, टोमॅटो नाही.

मग पुण्यातला एक साधा मंगळवार लिहून आणायला सांगितलं. पगाराचा दिवस नको. त्यांनी लिहिलं: हिंजवडीची वाहतूक, घराचा हप्ता, आईचा नाशिकहून फोन, "बाबांना आज कोणी उचलून बसवलं नाही."

कोल्ह्याला द्राक्षं आंबट, असा हा प्रकार नव्हता. नाशिकमध्ये तसाही तो कोणाला पटत नाही. बरोबरीचे मित्र पुढे गेले, हे नुकसान खरंच होतं. त्यावर ते रडले, मी रडू दिलं. "जे होतं ते चांगल्यासाठीच" हे ऐकवायला नातेवाईक आहेतच.

परवा नवाच प्रश्न घेऊन आले. बाबा आता काठी घेऊन चालतात, तर आत्ता पुण्यात अर्ज करावा का? पुढच्या वेळी बायकोला बरोबर आणा म्हटलंय. तिची नोकरी इथेच, नाशिकच्या सातपूरला आहे.