पागडीची जागा, हेरिटेज इमारत आणि पोटमाळा

तुमचं म्हणणं थोडक्यात असं : मुंबईत फोर्टमधल्या जुन्या दगडी इमारतीचा पहिला मजला तुम्ही चौघे डिझायनर स्टुडिओसाठी लिव्ह अँड लायसन्सवर घेताय. इमारत हेरिटेज यादीत, श्रेणी दोन-अ. जागा देणारे स्वतः पागडीचे भाडेकरू, म्हणजे एकदाच मोठी रक्कम देऊन नाममात्र भाड्यानं जागा धरून असलेले. ‘आतल्या कामाला परवानगी लागत नाही, खुशाल पोटमाळा बांधा,’ असं ते सांगतात. अर्धी अनामत दिलीत आणि आता मूळ मालकाच्या वकिलाचं पत्र आलंय.

काम आजच थांबवा.

तुम्हाला धास्ती हेरिटेजची आहे, पण ती बाजू तुलनेनं सोपी आहे. श्रेणी दोनच्या इमारतींत अंतर्गत बदल आणि नवा वापर यांना नियमांची साधारणपणे हरकत नसते. छाननी मात्र कडक होते. ती व्हायलाच हवी, अशा इमारती पुन्हा बांधून मिळत नाहीत. म्हणून ‘आतलं काम’ म्हणजे मोकळं रान नव्हे. १९६६च्या प्रादेशिक व नगररचना अधिनियमात हेरिटेज इमारतीतला महत्त्वाचा किंवा संरचनात्मक बदल ‘विकास’ ठरतो. त्याला महापालिकेची परवानगी लागते आणि प्रस्ताव हेरिटेज समितीसमोर जाऊ शकतो.

खरा धोका जागा देणाऱ्याच्या हक्कात आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९च्या कलम २६ प्रमाणे, करारात तशी मुभा नसेल तर भाडेकरूला जागा पोटभाड्यानं किंवा लायसन्सवर देता येत नाही. दिली तर कलम १६ खाली मालक ताबा मागू शकतो. त्यांचा हक्क गेला की तुमचाही गेला, स्टुडिओवर कितीही खर्च केलेला असो. पोटमाळ्यानं मालकाच्या हाती आणखी एक कारण येईल : लेखी संमतीशिवाय केलेलं कायम स्वरूपाचं बांधकाम. लाकडी पार्टिशन, फॉल्स सीलिंग, एसी यांना हाच कायदा, आवश्यक तिथे पालिकेची परवानगी घेतल्यास, कायम बांधकाम मानत नाही. तुमची बरीचशी गरज त्यातच भागेल असं मला वाटतं. शिवाय जुन्या लाकडी तुळयांवर नवा भार टाकण्याआधी स्ट्रक्चरल इंजिनिअरचा लेखी अहवाल घ्या. तिथे माणसं बसणार आहेत.

आणखी एक तपासा. ३१ मार्च २००० रोजी, म्हणजे हा कायदा लागू झाला तेव्हा, जागा राहण्यासाठी वापरात होती का? असेल तर कलम ३० व्यावसायिक वापराच्या आड येतं आणि मालकाची संमतीही पुरत नाही.

मालकाच्या पत्राला उत्तर द्या, पण त्यात ताबा घेतल्याचं किंवा काम सुरू केल्याचं घाईनं काही लिहू नका. भाडेकरूकडून पागडीचा मूळ करार आणि भाडेपावत्या मागा. जमलं तर मालकाला सामील करून त्रिपक्षीय करार करा आणि तो नोंदवा. मालकाची संमती वा पालिकेची परवानगी ठरलेल्या मुदतीत मिळाली नाही तर अनामत पूर्ण परत, हे कलम त्यात हवंच. भाडेकरू मूळ करार दाखवायला टाळाटाळ करत असतील, तर उरलेली अनामत देऊ नका आणि दिलेली परत मागणारी नोटीस पाठवा.