‘काँग्रेस जिल्हा’, ‘मध्यावधी’ आणि जेरीमँडरिंग

प्रश्न असा आहे : ‘मिशिगनच्या 13 व्या काँग्रेस जिल्ह्यात पुनर्सीमांकनानंतर 2022 मध्ये मध्यावधी निवडणूक झाली’ हे वाक्य मराठीत चालेल का? आणि जेरीमँडरिंगला, म्हणजे एका पक्षाला फायदा होईल अशा बेताने मतदारसंघांच्या सीमा आखण्याला, काय म्हणावं?

व्याकरणात काही चूक नाही. पण त्यातले तीन शब्द मराठी वाचकाला भलतीकडे नेतात.

पहिला ‘काँग्रेस जिल्हा’. इथली काँग्रेस म्हणजे अमेरिकेची संसद, प्रतिनिधिगृह हे तिचं कनिष्ठ सभागृह आणि डिस्ट्रिक्ट म्हणजे मतदारसंघ. आपल्या जिल्ह्याच्या जवळपास जाते ती तिकडची काउंटी. डेट्रॉइट ज्या वेन काउंटीत आहे, तिथे असे एकाहून अधिक मतदारसंघ येतात आणि 13 वा त्यांतलाच. ‘काँग्रेसचा मतदारसंघ’ म्हटलं तर आपल्याकडे पक्षच डोळ्यांपुढे येणार, आणि हा तर डेमोक्रॅटिक पक्षाचा बालेकिल्ला. म्हणून आधी एकदा ‘अमेरिकी प्रतिनिधिगृहाचा 13 वा मतदारसंघ’ असं लिहावं, पुढे ‘13 वा मतदारसंघ’ पुरे. (‘प्रतिनिधिगृह’मधला ‘धि’ ऱ्हस्वच, ‘कविसंमेलन’मधल्या ‘वि’सारखा.)

दुसरा ‘पुनर्सीमांकन’. ‘सीमांकन’ जमिनीचं, वनहद्दीचं किंवा देशाच्या सरहद्दीचं होतं. मतदारसंघांसाठी ‘परिसीमन’ हा सरकारी शब्द आहे आणि ‘पुनर्रचना’ हा बातम्यांत रुळलेला. 2009 च्या लोकसभेला इचलकरंजीऐवजी हातकणंगले आला तो याच कामातून. मी ‘मतदारसंघ पुनर्रचना’ घेईन, वाचणाऱ्याला थांबावं लागत नाही.

अमेरिकेत मात्र या कामाचे दोन टप्पे आहेत आणि ते वेगळे ठेवायला हवेत. दर 10 वर्षांच्या जनगणनेनंतर प्रतिनिधिगृहाच्या 435 जागा लोकसंख्येनुसार राज्यांना नव्याने ठरवून दिल्या जातात. त्यानंतर प्रत्येक राज्य आपल्या वाट्याच्या जागांचे नकाशे आखतं. कुठे विधिमंडळ आखतं, कुठे आयोग. 2020 च्या जनगणनेनंतर मिशिगनच्या जागा 14 वरून 13 वर आल्या. तिथला नकाशा 13 नागरिकांच्या आयोगाने आखला : 4 डेमोक्रॅट, 4 रिपब्लिकन आणि 5 जण दोन्ही पक्षांबाहेरचे. यातल्या पहिल्या टप्प्याला ‘जागावाटप’ लिहू नये. मराठीत जागावाटप होतं ते युती-आघाडीतल्या पक्षांमध्ये. ‘राज्यनिहाय जागानिश्चिती’ लिहिलं की गोंधळ टळतो.

पुनर्रचनेनंतर क्रमांक तोच राहिला तरी मतदारसंघ तोच राहत नाही, आणि बातम्या लिहिताना घसरतं ते इथेच. मिशिगनचा जुना 13 वा डेमोक्रॅटिक सदस्य रशीदा तलैब यांच्याकडे होता. 2022 मध्ये त्या नव्या 12 व्यातून उभ्या राहिल्या आणि नव्या 13 व्यातून बेळगावात वाढलेले श्री ठाणेदार निवडून आले. ‘ठाणेदारांनी तलैब यांना हटवलं’ असं लिहिणं चूक आहे, दोघांची लढत झालीच नव्हती. विद्यमान विरुद्ध विद्यमान अशी लढत झाली ती 11 व्यात. राज्याची एक जागा कमी झाल्यामुळे हेली स्टीव्हन्स आणि अँडी लेव्हिन हे एकाच पक्षाचे दोन सदस्य प्रायमरीत समोरासमोर आले. स्टीव्हन्स जिंकल्या.

‘प्रायमरी’ तशीच ठेवावी किंवा ‘उमेदवार ठरवणारी पक्षांतर्गत निवडणूक’ म्हणावं. ‘प्राथमिक फेरी’ म्हटलं की वाचक पुढच्या फेरीची वाट बघतो. मिशिगनमध्ये प्रायमरी जिंकायला निम्मी मतं लागत नाहीत, सर्वाधिक मतं पुरतात. 9 उमेदवारांत ठाणेदार सुमारे 28 टक्क्यांवर जिंकले. बालेकिल्ल्यात खरा निकाल तिथेच लागतो.

उरला ‘मध्यावधी’. आपल्याकडे सभागृह मुदतीआधी विसर्जित झालं की मध्यावधी निवडणुका लागतात. 2022 ची निवडणूक वेळापत्रकानुसारच होती, फक्त अध्यक्षांच्या कार्यकाळाच्या मध्यावर आलेली. म्हणून वाक्य असं व्हावं : ‘मतदारसंघ पुनर्रचनेनंतर मिशिगनच्या 13 व्या मतदारसंघात 2022 मध्ये प्रतिनिधिगृहाची निवडणूक झाली.’ मध्यावर असल्याचा मुद्दा महत्त्वाचा असेल तर तो वेगळ्या वाक्यात सांगावा.

जेरीमँडरिंगला मी ‘सोयीची सीमाआखणी’ म्हणतो. महापालिकेच्या प्रभागरचनेवरून ‘वॉर्ड फोडला’ अशी ओरड होते, ती याच जातीची. प्रकार कळायला आकडे बघा. 5 मतदारसंघ, प्रत्येकी 100 मतदार, त्यांत दोनपैकी एका पक्षाचे एकूण 200. ते 60, 60, 60, 10, 10 असे पडले तर 3 जागा. एकाच ठिकाणी 90 कोंडले आणि उरलेले 110 चार ठिकाणी विखुरले तर 1 जागा. सगळीकडे 40-40 केले तर एकही नाही. मतदार तेच, मतं तीच, बदलली फक्त रेघ. कोंडण्याला ‘मतदार कोंडणं’ चालतं. विखुरण्याला मात्र ‘मतं फोडणं’ म्हणू नये. विधान परिषदेच्या निवडणुकांमुळे ‘मतं फुटली’ म्हणजे आमदारांनी पक्षादेश डावलून दुसऱ्याला मत दिलं, हा अर्थ पक्का बसलाय. तिथे ‘वस्ती विभागणं’ लिहावं.