अमेरिकेत पॉलिग्राफचं लायसन्स: फीच्या आधी राज्य बघ

भाऊ, तुझा प्रश्न असा की नागपुरातून फॉरेन्सिकची डिग्री घेतली आहे, अमेरिकेत पॉलिग्राफ एक्झामिनर (खोटं पकडायच्या मशीनवर चाचणी घेणारा) व्हायचंय, तर लायसन्सची फी किती? तू आत्तापासूनच डॉलर रुपयांत गुणून राहिला, पण इकडे सगळ्या देशाचं मिळून एक लायसन्सच नाही. इलिनॉय लायसन्स मागतं, कॅलिफोर्निया मागत नाही. जिथे मागतात तिथेही अर्ज, परीक्षा, इंटर्नशिप, नूतनीकरण, सगळ्यांची फी वेगळी असू शकते. त्या राज्याच्या लायसन्स खात्याचा फी-तक्ता स्वतः वाच. एजंटने सांगितलेला आकडा धरून चालू नको.

खरं तर फी हा यातला चिल्लर खर्च. अमेरिकन पॉलिग्राफ असोसिएशनच्या मान्यतेचा मूळ कोर्स किमान 400 तासांचा असतो, म्हणजे अडीच महिने पगाराविना. मग मशीन: छाती-पोटाच्या नळ्या, बोटांचे सेन्सर, दंडाचा रक्तदाब-पट्टा, लॅपटॉप.

बॉन्डचं, म्हणजे नुकसानभरपाईच्या हमीचं, वाचून मात्र घाबरू नको. खासगी मालकाच्या सांगण्यावरून कर्मचाऱ्याची चाचणी घ्यायची तर 1988 चा केंद्रीय कायदा एक्झामिनरकडे 50,000 डॉलरचा बॉन्ड किंवा तेवढ्याच रकमेचा व्यावसायिक विमा मागतो. एवढी रक्कम खिशातून भरायची नसते, प्रीमियम भरायचा असतो. त्याच कायद्यात दिवसाला 5 पेक्षा जास्त चाचण्या नाहीत, एक चाचणी 90 मिनिटांपेक्षा कमी नाही. आणि मुळात बहुतेक खासगी मालकांना अशी चाचणी घ्यायला मनाईच आहे. उरतं ते पोलीस, सरकारी खाती आणि वकिलांचं काम.

तिथेच गाडी अडते. केंद्र सरकारच्या अशा नोकऱ्या नागरिकांसाठी. खासगीत बरेचसे निवृत्त पोलीस, एका खोलीत ऑफिस थाटलेले. ते तुला व्हिसा कशाला स्पॉन्सर करतील? म्हणून ग्रीन कार्डाचा मार्ग नसेल तर कोर्सचे पैसे भरू नको, असं माझं स्पष्ट मत आहे.

तोवर आपल्या धंतोलीच्या प्रादेशिक न्यायसहायक प्रयोगशाळेत शिकायला मिळतं का बघ. सेल्वी खटल्यातल्या सुप्रीम कोर्टाच्या 2010 च्या निकालानंतर आपल्याकडे संमतीशिवाय चाचणी घेता येत नाही, त्यामुळे संमतीची कागदपत्रं नीट करायची सवय तिथे लागेल. आणि हो, आपल्या मार्कशीटवर आडनाव आधी, मग स्वतःचं, मग वडिलांचं असतं. पासपोर्टशी ते जुळवून घे, नाहीतर इकडच्या पार्श्वभूमी तपासणीत तू एकटाच दोन माणसं होशील.